रेनिअर द ग्राफ : अंडाशयाचा एक अल्पायुषी संशोधक

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात अंडाशयाची एक आकृती असते. तीत पाण्याने भरलेल्या बुडबुड्यासारख्या एका भागाकडे रेघ ओढून ग्राफियन पुटिका असे नाव लिहिलेले असते. परीक्षेपुरते हे नाव पाठ होते आणि परीक्षेबरोबरच विस्मृतीत जाते. ज्या ग्राफवरून हे नाव पडले तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावला. मरणसमयी दुसऱ्याचे श्रेय लाटल्याचा आरोप त्याच्या माथी होता. आणि ज्या पुटिकेला तो अंडे समजत होता ती अंडे नव्हतीच. या गोष्टी पुस्तकात सहसा येत नाहीत. तरीही त्याचे नाव त्या आकृतीत राहिले ते योग्यच झाले असे आम्हांस वाटते, आणि तसे का वाटते हे सांगण्यासाठी हे अल्पचरित्र लिहीत आहो.

पालकांपैकी काहींना, हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असा प्रश्न पडेल. मनुष्य जगात कसा येतो हे प्रत्येक मूल केव्हा ना केव्हा विचारतेच, आणि बहुधा त्याला उत्तर मिळत नाही, किंवा गप्प बसण्याची ताकीद मिळते. ही रचना ईश्वराच्या हातची आहे. तिची माहिती आदराने दिली असता मुलांचे मन बिघडत नाही. ती घरात व शाळेत न मिळाली तर भलत्या ठिकाणी मिळते, हा आमचा अनुभव आहे.

ग्राफचा जन्म ३० जुलै १६४१ रोजी हॉलंडमधील स्खोनहोवेन या लहानशा गावी झाला. त्या काळी डच लोकांची गलबते सर्व समुद्रांवर फिरत होती. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यासही त्यांची वखार होती. ग्राफ वारला त्याच्या पुढच्याच वर्षी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, एवढे सांगितले म्हणजे वाचकांच्या मनात काळाचा मेळ बसेल.

त्याचे घराणे रोमन कॅथलिक होते, आणि या गोष्टीचा त्याच्या आयुष्यावर फार परिणाम झाला. स्पेनच्या कॅथलिक राजाशी ऐंशी वर्षे झगडून हॉलंडने १६४८ साली आपले स्वातंत्र्य मान्य करून घेतले होते. त्या झगड्याची कटुता अशी की, नव्या राज्यात कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्याची मुभा नव्हती. घरांच्या आतल्या दालनांत व माळ्यांवर ते प्रार्थनेस जमत. सरकारी अधिकाराच्या जागा त्यांना बंद होत्या, आणि विद्यापीठातील अध्यापकाची जागा मिळण्याची आशाही जवळजवळ नव्हती. आम्ही स्वतः प्रॉटेस्टंट मिशनच्या शिक्षणात वाढलो. म्हणूनच ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. छळ सोसलेल्या मंडळीने सत्ता हाती येताच दुसऱ्यांस दारे बंद करावी, हे ख्रिस्ताच्या नावाला शोभणारे नव्हते. तथापि विद्यार्थी म्हणून शिकण्यास मात्र अडथळा नव्हता, आणि ग्राफने लूव्हेन, उट्रेख्ट व लायडन अशा तीन विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास केला.

लायडन येथे त्या वेळी सिल्व्हियस नावाचा नामांकित अध्यापक होता. रुग्णालयात खाटेशेजारी उभे राहून शिकविण्याबद्दल त्याची ख्याती होती. शरीररचनेचे अध्यापन व्हान हॉर्न करीत असे. या गुरूंच्या हाताखाली ग्राफबरोबर आणखी दोन तरुण शिकत होते : आम्स्टरडॅमच्या एका औषधविक्रेत्याचा मुलगा यान स्वामरडाम, आणि डेन्मार्कहून आलेला नील्स स्टेन्सन, ज्याला जग स्टेनो म्हणून ओळखते. तिघेही बुद्धिमान, तिघांचेही हात शवच्छेदनात कसलेले. पुढे जो वाद उद्भवला त्यात हीच तीन नावे येतात, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

ग्राफचे पहिले नाव झाले ते स्वादुपिंडाच्या कामामुळे. स्वादुपिंडातून आतड्यात उघडणारी एक नळी असते हे १६४२ मध्ये पाडुआ येथे व्हिर्सुंगने दाखविले होते. परंतु त्या नळीतून वाहते काय, हे कोणी पाहिले नव्हते. ग्राफने जिवंत कुत्र्याचे पोट उघडून त्या नळीत बदकाच्या पिसाचा पोकळ देठ बसविला, त्याला लहान बाटली जोडली, आणि थेंब थेंब गळणारा रस जमा केला. १६६४ साली त्यावर त्याने ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष लागले नव्हते किंवा नुकतेच लागले होते. भूल देण्याची विद्या १८४६ पर्यंत जगाला लाभली नाही, हे येथे विसरता येत नाही. त्या मुक्या प्राण्याने काय सोसले असेल याचा विचार मनात आल्यावाचून आम्हांस तो भाग वाचवत नाही.

या प्रयोगाचा शेवट मात्र मोठा शिकण्यासारखा झाला. सिल्व्हियसचे मत असे होते की, पचन म्हणजे आंबट व खारट द्रवांची झटापट, आणि स्वादुपिंडाचा रस आंबट असलाच पाहिजे. ग्राफने तो रस जिभेवर घेऊन पाहिला आणि तो आंबट असल्याचे लिहून टाकले. वस्तुतः तो रस आम्ल नसून अल्कधर्मी आहे, हे आता शाळेतील मुलांसही ठाऊक असते. ज्या तरुणाचे हात इतके कुशल होते त्याच्या जिभेने गुरूची चव घेतली! आम्ही ही गोष्ट त्याच्या निंदेसाठी सांगत नाही. पुढे आठ वर्षांनी याच माणसाने सशांच्या प्रयोगात काय केले ते पाहताना ती आठवावी, एवढाच हेतू आहे.

१६६५ मध्ये फ्रान्समधील आंझे येथे त्याने वैद्यकाची पदवी घेतली, काही काळ पॅरिसमध्ये घालविला, आणि नंतर डेल्फ्ट शहरी वैद्यकीचा व्यवसाय थाटला. अध्यापकाची खुर्ची नाही, विद्यापीठाची प्रयोगशाळा नाही. रोगी पाहून उरलेल्या वेळात त्याने आपले सर्व संशोधन केले. १६६८ मध्ये पुरुषाच्या जननेंद्रियांवर त्याचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी त्याने शरीररचनेच्या अभ्यासासाठी बनविलेल्या एका पिचकारीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्याने रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून त्यांच्या बारीक फांद्या डोळ्यांना दाखविता येत. नंतर तो स्त्रीदेहाकडे वळला.

या प्रश्नाची त्या वेळी काय स्थिती होती? ॲरिस्टॉटलपासून विद्वानांचे एक मत असे चालत आले होते की, मूल घडविणारी शक्ती पित्याची असते आणि माता केवळ द्रव्य पुरविते. पित्याचे बीज, मातेची जमीन. आपल्याकडेही क्षेत्र व बीज ही भाषा जुनीच आहे. दुसरे मत गेलेनचे. त्याप्रमाणे स्त्री व पुरुष दोघांचेही बीज द्रवरूप असते आणि त्यांच्या मिश्रणाने गर्भ होतो. म्हणून गर्भाशयाच्या दोन बाजूंस असलेल्या बदामाएवढ्या पिंडांना शारीरशास्त्रज्ञ स्त्रीचे वृषण म्हणत. त्यांना अंडाशय म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अंडी घालतात ती कोंबडी, मासे आणि कासवे. गाय, कुत्री आणि स्त्री यांचा त्याच्याशी काय संबंध?

रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या हार्वेने १६५१ साली सर्व प्राणी अंड्यापासूनच होतात असे प्रतिपादन केले खरे. पण त्याच्या अंड्याचा अर्थ फार मोघम होता, आणि ते पिंड गर्भधारणेत काही काम करतात हे त्याला मान्यच नव्हते. चार्ल्स राजाच्या उपवनातील हरिणी कापून त्याने पाहिल्या. संयोगानंतर कित्येक आठवडे त्याला गर्भाशयात काहीच आढळले नाही. हरिणीचा कोवळा गर्भ धाग्यासारखा बारीक असतो आणि सहज नजरेतून निसटतो. एवढा थोर निरीक्षक, पण प्राण्याच्या निवडीने त्याला दगा दिला.

१६६७ मध्ये स्टेनोने पिल्ले प्रसवणाऱ्या एका शार्क जातीच्या माशाचे विच्छेदन केले. त्या माशाच्या पोटात ज्या जागी अंडी होती ती जागा आणि स्त्रीच्या तथाकथित वृषणांची जागा यांत त्याला साम्य दिसले, आणि हे पिंड अंडाशयच असावेत असे त्याने लिहिले. लायडनला व्हान हॉर्नचेही मत तसेच झाले होते. त्याने १६६८ मध्ये त्याचा संक्षिप्त उल्लेख छापला, आणि त्याच्या कामात स्वामरडाम त्याचा सहकारी होता. म्हणजे कल्पना हवेत होती. पुरावा मात्र कोणी दिला नव्हता.

तो पुरावा ग्राफने जमविला. गाय, मेंढी, डुक्कर यांच्या पिंडांत त्याने पाण्याच्या फोडांसारख्या पुटिका पाहिल्या. या पुटिका आपणच प्रथम पाहिल्या असे तो कोठेही म्हणत नाही; व्हेसेलियस व फॅलोपियस यांनी त्या पूर्वीच पाहिल्या होत्या हे त्याने स्पष्ट नमूद केले आहे. पुटिकेतील द्रव त्याने उकळून पाहिला. तो कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे घट्ट झाला. यावरून पुटिका म्हणजेच अंडे, असे त्याने धरले.

पण खरा प्रश्न असा की, पिंडात असलेली वस्तू गर्भाशयात जाते हे दाखवावे कसे? यासाठी त्याने ससे घेतले. नर व मादी यांचा संयोग झाल्यावर अर्ध्या तासाने एक मादी, सहा तासांनी दुसरी, एका दिवसाने तिसरी, असे करीत करीत एकोणतिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक अंतराने त्याने माद्या उघडून पाहिल्या. सशाच्या मादीचा गर्भकाळ सुमारे एकतीस दिवसांचा असतो. म्हणजे गर्भाच्या जवळजवळ संपूर्ण इतिहासाची पाने त्याने एकामागून एक उलटली. पहिल्या दिवसात पुटिका तांबूस होतात आणि फुटतात. तिसऱ्या दिवशी नळ्यांत व गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक गोल दाणे दिसू लागतात. पुढे ते वाढतात, चिकटतात, आणि त्यांत पिलाचा आकार उमटतो. इकडे पिंडात फुटलेल्या पुटिकांच्या जागी घट्ट गोळे तयार होतात, ज्यांना आता पीतपिंड म्हणतात. ग्राफने ते गोळे मोजले आणि गर्भही मोजले. संख्या जुळत होती. एका बाजूच्या पिंडात जितके गोळे, त्या बाजूस तितके गर्भ. मोजणी ही किती साधी गोष्ट! पण दोन हजार वर्षांच्या वादात ती कोणी केली नव्हती.

पिंड आणि गर्भाशय यांच्यामधील नळ्या फॅलोपियसने १५६१ मध्ये वर्णिल्या होत्या. त्या अंडे वाहून नेण्याचा मार्ग आहेत हे ग्राफने दाखविले. अंडे वाटेत अडकून नळीतच गर्भ वाढला तर मातेच्या जिवास धोका होतो, हेही या शोधामुळे उलगडले.

येथे आम्ही किंचित थांबतो. तिसऱ्या दिवशी नळ्यांत जे दाणे सापडले ते पिंडातील पुटिकांपेक्षा फारच लहान होते. ग्राफच्या हिशेबाने दहापटीने लहान. पुटिका हेच अंडे असेल, तर वाटचालीत ते मोठे व्हावे; उलट लहान कसे झाले? त्याच्या साऱ्या सिद्धांतास सुरुंग लावणारी ही गोष्ट होती, आणि ती फक्त त्यालाच ठाऊक होती. हे दाणे इतके बारीक की, त्याने ते गाळले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. त्याने ते गाळले नाही. माप जसे दिसले तसे ग्रंथात छापले, आणि पुटिकेत अंड्याखेरीज आणखी काही द्रव्य असावे, ज्याचा पुढे तो गोळा बनतो, असा तर्क त्याच्या जोडीस दिला. तेविशीत गुरूच्या मताप्रमाणे रसाची चव लिहिणारा तो हाच मनुष्य.

त्याच्या सर्वच समजुती बरोबर नव्हत्या. पुरुषाच्या बीजातून निघणारी एक प्रकारची वाफ अंड्यास सचेतन करते असे तो मानीत असे. शिवाय सशाच्या मादीत संयोगानंतरच, सुमारे दहा तासांनी, पुटिका फुटते. म्हणूनच तर त्याला वेळेचा हिशेब इतका नेमका ठेवता आला. पण स्त्रीमध्ये तसे नसते, तिच्या अंडाशयात पुटिका पक्व होऊन फुटण्याचा क्रम महिन्याच्या फेऱ्याने चालतो. हार्वेला हरिणीने फसविले, ग्राफला सशाने तारले, आणि तारता तारता थोडेसे फसविलेही.

ग्रंथ १६७२ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाला. हॉलंडच्या इतिहासात हे वर्ष फार वाईट म्हणून प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या फौजा देशात घुसल्या, इंग्लंडनेही समुद्रावर युद्ध पुकारले, आणि शत्रूस रोखण्यासाठी डचांनी आपले बांध फोडून स्वतःची शेते पाण्याखाली घातली. त्याच वर्षी ग्राफचे लग्न झाले. त्याला एक मुलगा झाला, पण तो तान्हेपणीच गेला. आणि त्याच वर्षी जुना सहाध्यायी स्वामरडाम त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

स्वामरडामने स्त्रीच्या गर्भाशयावर आपला ग्रंथ काढून त्यात असा आरोप केला की, हा शोध व्हान हॉर्नचा व आपला असून ग्राफने तो उचलला आहे, आणि त्याच्या आकृत्याही चुकीच्या आहेत. व्हान हॉर्न १६७० मध्येच निवर्तला होता, त्यामुळे साक्ष देण्यास तो नव्हता. स्वामरडामने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे आपला ग्रंथ आणि विच्छेदनाचे नमुने पाठविले, आणि निवाडा मागितला. ग्राफने १६७३ मध्ये आपल्या बचावाचे पुस्तक छापले. दोन्ही बाजूंची भाषा अशी कडवट की, एके काळी ही मुले एका बाकावर बसत होती यावर विश्वास बसू नये. आमच्या मते स्वामरडामची तक्रार अगदीच खोटी नव्हती. कल्पना ग्राफच्या आधीची होती यात शंका नाही. पण सशांचे ते दिवस, त्या मोजण्या, ते दहापट लहान दाणे हे ग्राफचे होते, आणि ते कोणाकडून उचलता येण्याजोगे नव्हते.

या धामधुमीत ग्राफच्या हातून एक वेगळेच काम झाले. डेल्फ्टमध्ये लेवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याला लॅटिन येत नसे, विद्यापीठ त्याने पाहिले नव्हते. पण तो स्वतः भिंगे घासून असे सूक्ष्मदर्शक बनवी की, तसे दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. एप्रिल १६७३ मध्ये ग्राफने रॉयल सोसायटीच्या चिटणिसास पत्र लिहून या माणसाची ओळख करून दिली आणि त्याची निरीक्षणे सोबत धाडली. हॉलंड व इंग्लंड यांचे युद्ध तेव्हा चालू होते. जो मनुष्य स्वतः त्याच सोसायटीपुढे आरोपी म्हणून उभा होता, त्याने एका अशिक्षित गणल्या जाणाऱ्या शेजाऱ्यासाठी शब्द टाकावा, हे आम्हांस त्याच्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते.

त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १७ ऑगस्ट १६७३ रोजी, ग्राफचे निधन झाले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. रॉयल सोसायटीने नेमलेल्या वैद्यांचा अभिप्राय आला तेव्हा तो ऐकण्यास तो हयात नव्हता. अभिप्राय ना ग्राफच्या बाजूने होता ना स्वामरडामच्या. पहिल्या कल्पनेचा मान त्यांनी स्टेनोला दिला. स्टेनोला एव्हाना या वादात गोडी उरली नव्हती. लूथरपंथात जन्मलेला तो कॅथलिक झाला होता आणि पुढे बिशपही झाला. स्वामरडामही पुढे काही काळ संशोधन सोडून एका धर्मपंथाच्या नादी लागला आणि १६८० मध्ये वारला.

ग्राफच्या पश्चात त्याच्या सिद्धांतास सर्वांत मोठा विरोध केला तो लेवेनहूकनेच. १६७७ मध्ये त्याने आपल्या भिंगातून पुरुषबीजातील हलणारे सूक्ष्म जीव पाहिले, आणि मूल त्यांतूनच होते असे त्याचे ठाम मत बनले. एवढ्या मोठ्या पुटिका एवढ्या अरुंद नळीतून जातील कशा, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप बिनतोड होता. आणि त्याचे उत्तर ग्राफच्या ग्रंथात, त्या दहापट लहान दाण्यांच्या ओळीत, पडून होते. पण ती ओळ पुढची दीडशे वर्षे बहुतेकांनी मनावर घेतली नाही. अठराव्या शतकात हालरने पुटिकांना ग्राफचे नाव जोडले. इंग्लंडात क्रुकशँकने सशांचा प्रयोग पुन्हा करून तिसऱ्या दिवशी नळीत दाणे असतात हे खरे असल्याचे १७९७ मध्ये प्रसिद्ध केले.

शेवटी १८२७ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरने आपल्या एका सहाध्यापकाच्या घरच्या कुत्रीचे अंडाशय उघडले. पुटिकेच्या आत त्याला एक पिवळसर ठिपका दिसला. तो त्याने सुरीच्या टोकाने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ते अंड होते. पुटिका हे अंड नव्हे, अंडाचे घर आहे. आणि पुटिकेत आणखी काही आहे, हा ग्राफचा तर्क खरा होता. स्त्रीची पक्व पुटिका सुमारे २० मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्यातील अंड मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे.

ज्या दांपत्यांस अपत्य होत नाही त्यांच्यावर उपचार करताना आता डॉक्टर याच पुटिकेत बारीक सुई घालून तिच्यातील द्रव काढतात. १९७८ मध्ये इंग्लंडात शरीराबाहेर फलित झालेल्या अंडापासून पहिले मूल जन्मले. १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी तसेच मूल जन्मास आले. पुटिकेतून काढलेला तो द्रव प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ओततात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तो बारीक दाणा शोधतात.